प्रादेशिक सायकल हरितमार्गासाठी सार्वजनिक निधी: आखणीपासून देखभालीपर्यंत

अनेक गावांना जोडणारा आणि मोटारींपासून पूर्णपणे वेगळा असा लांब सायकलमार्ग आपल्या भागात व्हावा, अशी इच्छा असलेले गट आता ठिकठिकाणी दिसतात. मात्र ही इच्छा आणि सरकारी निधीचे मंजुरीपत्र यांच्या दरम्यान कोणती कामे, कोणत्या क्रमाने करावी लागतात, हे एकत्र सांगितलेले क्वचितच वाचायला मिळते. मी एका नागरिक गटाच्या वतीने अशा प्रस्तावावर काही वर्षे काम केले आहे. आमचा पहिला अर्ज परत आला. त्यातील आराखडे चांगले होते आणि वापराचे अंदाजही काळजीपूर्वक काढलेले होते. पण मार्गाच्या मधोमध येणारा जुना पूल नेमका कोणाच्या मालकीचा आहे आणि मार्ग झाल्यावर त्याची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आमच्याकडे नव्हती. त्या अनुभवामुळे या लेखात जमीन आणि देखभाल या विषयांना मी इतरांपेक्षा जास्त जागा दिली आहे. योजनांची नावे आणि अर्जांचे नमुने देशागणिक बदलतात, कामांचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच असतो.

१. मार्ग कशासाठी आहे, ते एका पानात लिहा

युरोपात २००० साली झालेल्या लिल जाहीरनाम्यात हरितमार्गाची व्याख्या केली गेली. त्यानुसार हरितमार्ग म्हणजे मोटारविरहित प्रवासासाठी राखून ठेवलेला स्वतंत्र मार्ग. रस्त्याच्या कडेला रंगवलेला सायकलपट्टा या व्याख्येत बसत नाही. हा भेद सुरुवातीलाच स्पष्ट करावा लागतो, कारण निधी कोणत्या खात्याकडून मागायचा हे त्यावर ठरते. युरोवेलो या युरोपभरच्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गांच्या जाळ्यात कमी रहदारीचे साधे रस्तेही येतात, त्यामुळे त्याचे उदाहरण देऊन हरितमार्गासाठी निधी मागितला, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा गोंधळ होतो.

एका पानात पुढील गोष्टी याव्यात: मार्गाची दोन टोके, अंदाजे लांबी, वाटेतील वस्त्या, शाळा आणि रेल्वे किंवा बस स्थानके, अपेक्षित वापरकर्ते आणि मार्ग कोणकोणत्या स्थानिक संस्थांच्या हद्दीतून जातो याची यादी. वाहतूक खाते रोजच्या प्रवासाबद्दल विचारते, पर्यटन खाते मुक्कामी पाहुण्यांबद्दल आणि आरोग्य खाते शारीरिक हालचालीबद्दल. एकाच मार्गाने हे तिन्ही हेतू साधता येतात, पण मुख्य हेतू कोणता, हे तुमच्या मनात स्पष्ट असायला हवे.

२. सलग पट्टा शोधा आणि तो पायी पाहा

लांब हरितमार्गांसाठी सर्वांत सोयीचा पट्टा बंद पडलेल्या लोहमार्गाचा असतो. रेल्वेला तीव्र चढ झेपत नसल्यामुळे अशा पट्ट्यावर चढ-उतार सौम्य असतात, भराव आणि पूल आधीच बांधलेले असतात आणि वस्त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय-स्पार्टा मार्ग १९६७ मध्ये अशाच पट्ट्यावर खुला झाला. स्पेनने १९९३ मध्ये ‘व्हियास व्हेर्देस’ हा कार्यक्रम सुरू केला आणि बंद लोहमार्गांचे देशभर हरितमार्ग केले. कालव्याकाठची वाट, नदीचा बांध, जलवाहिनीवरील सेवारस्ता आणि वनखात्याचे रस्ते हे इतर पर्याय आहेत.

नकाशावर सलग दिसणारी रेघ जमिनीवर तशी असेलच असे नाही. रूळ उखडल्यानंतर पट्ट्याचे तुकडे विकले गेलेले असतात, कुठे गोदाम उभे राहिलेले असते, कुठे पुलाचे लोखंड काढून नेलेले असते. म्हणून संपूर्ण पट्टा पायी चालून पाहा आणि प्रत्येक पूल, मोरी, बोगदा, रस्ता ओलांडण्याची जागा, अतिक्रमण आणि पाणी साचण्याची जागा स्थाननिर्देशांकासह नोंदवा. पावसाळ्यात आणि कोरड्या ऋतूत अशी दोनदा पाहणी केली, तर निचऱ्याचे प्रश्न आधीच कळतात. जुन्या लोहमार्गाच्या मातीत इंजिनाची राख, तणनाशकांचे अवशेष आणि लाकडी स्लीपरांना ते टिकावेत म्हणून लावलेले क्रिओसोट हे रसायन असू शकते. मातीचा नमुना तपासण्याचा खर्च लहान असतो, तर दूषित माती बांधकाम सुरू झाल्यावर सापडली की अंदाजपत्रक कोलमडते.

३. जमीन: प्रत्येक तुकड्याची नोंदवही

बहुतेक प्रस्ताव या पायरीवर अडतात. सर्वप्रथम एक नोंदवही तयार करा. तिच्यात पट्ट्यातील प्रत्येक तुकड्यासाठी एक ओळ असावी आणि त्या ओळीत मालक, सध्याचा वापर, लागणारी रुंदी, हक्काचा प्रकार, पहिल्या भेटीची तारीख आणि मालकाचे म्हणणे लिहिलेले असावे. निधी देणारा अधिकारी ज्या एका कागदाकडे सर्वांत जास्त वेळ पाहतो, तो हाच असतो.

हक्क मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. जमीन विकत घेता येते, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेता येते, तिच्यावरून जाण्यापुरता वहिवाटीचा हक्क मिळवता येतो किंवा मालकी तशीच ठेवून मालकाची लेखी परवानगी घेता येते. आयर्लंडमधील वेस्टपोर्ट ते अकिल हा ४२ किलोमीटरचा ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे १९३७ मध्ये बंद झालेल्या लोहमार्गाच्या पट्ट्यावर आहे. तो मुख्यतः अशा परवानगीच्या करारांवर उभा राहिला आणि त्याचा पहिला टप्पा २०१० मध्ये सुरू झाला. परवानगीची ही पद्धत जलद आणि स्वस्त आहे. तिची कमजोरी अशी की एका मालकाने परवानगी मागे घेतली, तर मार्ग मधोमध तुटतो, आणि मोठा सार्वजनिक खर्च अशा हक्कावर करायला अनेक खाती तयार होत नाहीत. माझे मत असे की पूल, बोगदे आणि महत्त्वाच्या जोडण्यांच्या ठिकाणी कायमचा किंवा दीर्घ मुदतीचा हक्कच घ्यावा, आणि परवानगीचे करार जिथे वळणमार्ग काढता येईल तिथपुरतेच ठेवावेत.

अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून वेगळा मार्ग काढला. रेल्वेचा पट्टा भविष्यातील रेल्वेसाठी राखून ठेवायचा आणि मधल्या काळात त्यावरून सायकली आणि पादचारी जाऊ द्यायचे, अशी ही तरतूद आहे. त्यामुळे पट्टा तुकड्यातुकड्यांनी लगतच्या मालकांकडे जाणे टळले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ही तरतूद वैध ठरवली, तरी लगतच्या मालकांना भरपाई मागण्याचा मार्ग खुला राहिला आणि तसे दावे झालेही. पट्टा सरकारी आहे असे गृहीत धरण्यापूर्वी रेल्वेला मूळ जमीन कोणत्या अटीवर मिळाली होती, ते मूळ दस्तातच पाहावे लागते. हे काम वकिलाचे आहे आणि त्याचे शुल्क पहिल्या अंदाजपत्रकातच धरा.

मालकांशी बोलण्याची पद्धत कायद्याइतकीच महत्त्वाची आहे. आमच्याकडून झालेली चूक अशी की मार्गाची रेघ असलेला नकाशा आम्ही जाहीर सभेत दाखवला आणि आपल्या शेतातून मार्ग जाणार हे काही कुटुंबांना त्या सभेतच कळले. ती मने पुन्हा जुळवायला दीड वर्ष लागले. आधी प्रत्येक मालकाला त्याच्या घरी जाऊन भेटा, नकाशा पेन्सिलीने काढलेलाच न्या आणि रेघ हलवण्याची तयारी ठेवा. मालकांच्या शंका बहुधा ठरावीक असतात: शेताचे दोन तुकडे होतील का, गुरे पलीकडे कशी न्यायची, कुत्री मोकळी सोडली जातील का, घराचा खासगीपणा राहील का, मार्गावर कोणी पडल्यास जबाबदारी कोणाची. या प्रत्येक शंकेवर कुंपण, गुरांसाठी भुयारी वाट, झाडांचा आडोसा किंवा विम्याचे लेखी संरक्षण असा ठोस उपाय सांगता आला पाहिजे. आयर्लंडने २०२१ मध्ये राष्ट्रीय आणि प्रादेशिक हरितमार्गांसाठी जी आचारसंहिता काढली, तिच्यात शेतकऱ्यांशी संवादासाठी जाणकार व्यक्ती नेमणे, जमीन शक्यतो संमतीने घेणे आणि सहकार्य करणाऱ्या मालकाला जमिनीच्या किमतीखेरीज वेगळी रक्कम देणे या गोष्टी आहेत. ही आचारसंहिता कोणत्याही देशातील गटाने अभ्यासावी अशी आहे.

४. अर्जदार कोण, हे ठरवा

सार्वजनिक निधी साधारणपणे सार्वजनिक संस्थेलाच मिळतो. नागरिक गटाने पाठपुरावा करावा, अर्ज मात्र स्थानिक किंवा प्रादेशिक शासनसंस्थेच्या नावाने जावा. मार्ग चार हद्दींतून जात असेल, तर चौघांपैकी एक संस्था प्रमुख नेमून इतरांचा लेखी करार करून घ्या आणि त्यात बांधकाम, देखभाल, विमा आणि खर्चाची वाटणी स्पष्ट लिहा. सभागृहाचा ठराव हवाच. पदाधिकाऱ्याचे तोंडी आश्वासन निवडणुकीनंतर उपयोगी पडत नाही.

अमेरिकेतील पिट्सबर्ग ते कंबरलँड हा सुमारे २४० किलोमीटरचा ग्रेट अलेगेनी पॅसेज अनेक स्थानिक गटांनी आपापले तुकडे पूर्ण करत आणि १९९५ पासून एका सामायिक आघाडीखाली काम करत उभा केला. त्याचा पहिला तुकडा १९८६ मध्ये सुरू झाला आणि शेवटचा २०१३ मध्ये. एवढा काळ टिकेल अशी संस्थात्मक चौकट सुरुवातीलाच बांधावी लागते.

५. व्यवहार्यता अभ्यास आणि पर्यावरणाचे वेळापत्रक

बांधकामासाठी मोठा निधी मागण्यापूर्वी अभ्यासासाठी लहान निधी मागा. अनेक योजनांमध्ये त्यासाठी वेगळी तरतूद असते आणि सल्लागाराचा अभ्यास त्या निधीतून झाला, तर खाते पुढच्या टप्प्यालाही ओळखीने पाहते. अभ्यासात किमान दोन-तीन पर्यायी आखण्यांची तुलना हवी. एकच आखणी मांडली, तर निर्णय आधीच झाला होता असा आक्षेप येतो आणि तो न्यायालयापर्यंत जाऊ शकतो.

जैवविविधतेचे सर्वेक्षण ऋतूंशी बांधलेले असते. बोगद्यांत वटवाघळे राहतात, बांधावरील झुडपांत पक्षी घरटी करतात आणि त्यांची पाहणी ठरावीक महिन्यांतच होते. आयर्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात झुडपे तोडण्यावर कायदेशीर बंदी असते. सर्वेक्षणाचा हंगाम एकदा चुकला की पूर्ण वर्ष जाते, म्हणून संबंधित तज्ज्ञाची नेमणूक आराखडा करणाऱ्याच्या आधी करा.

खर्चाचा पहिला अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो. ब्रिटनच्या कोषागाराच्या मार्गदर्शनात साध्या स्थापत्यकामांसाठी सुरुवातीच्या अंदाजावर कमाल ४४ टक्क्यांपर्यंत वाढ धरण्याची शिफारस आहे, ती याच अनुभवातून. लाभांच्या बाजूला आरोग्याचा फायदा पैशात मांडण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे ‘हीट’ हे मोफत साधन वापरता येते. त्यात घातलेली वापरकर्त्यांची संख्या कुठून आली, हे मात्र स्पष्ट लिहा.

६. रचनेत किमान काय हवे

रचनेचे तपशील अभियंते ठरवतील, पण काही गोष्टी तुम्ही लक्षात आणून द्याव्यात. दुतर्फा सायकली आणि पादचारी यांच्यासाठी ३ मीटर रुंदी ही अनेक देशांच्या मानकांत सामान्य किमान आहे, वर्दळीच्या भागात ती वाढवावी लागते. डांबरी पृष्ठभाग महाग असला तरी चाकाची खुर्ची, लहान मुले आणि पावसाळा या तिन्हींसाठी तो भरवशाचा आहे. दाबलेली दगडी कच सुरुवातीला स्वस्त पडते, मात्र उतारावर ती पाण्याने वाहून जाते. मोटारसायकली रोखण्यासाठी लावलेले अरुंद फाटक तीनचाकी सायकल आणि चाकाची खुर्ची यांनाही रोखते. इंग्लंडच्या २०२० च्या मानकात म्हणूनच दोन अडथळ्यांमध्ये किमान १.५ मीटर अंतर सांगितले आहे.

७. देखभालीचा करार, अर्जाच्या आधी

बांधकामासाठी निधी देणारी खाती देखभालीसाठी सहसा पैसे देत नाहीत, आणि उद्घाटनाच्या उत्साहात हा विषय मागे पडतो. पुढे मुळांनी पृष्ठभाग उचलला जातो, मोऱ्या तुंबतात, दिशाफलक नाहीसे होतात आणि काही वर्षांत मार्ग निर्जन भासू लागतो. अमेरिकेतील मिझुरी राज्याचा केटी ट्रेल नदीकाठच्या ज्या लोहमार्गाच्या जागी आहे, तो लोहमार्ग १९८६ च्या पुरानंतर बंद झाला होता आणि १९९३ च्या महापुरात नवा मार्गही अनेक ठिकाणी उद्ध्वस्त झाला. सौम्य चढाचा पट्टा बहुधा नदीकाठचा असतो, त्यामुळे पुरानंतरच्या दुरुस्तीची तरतूद देखभालीच्या आराखड्यात असलीच पाहिजे.

ब्रिटनचे उदाहरण मी प्रत्येक बैठकीत सांगतो. सस्ट्रान्स या संस्थेला १९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून ४ कोटी ३५ लाख पौंड मिळाले आणि राष्ट्रीय सायकल जाळे झपाट्याने वाढले. पुढे त्याच संस्थेने स्वतः आढावा घेऊन, बारा वर्षांच्या मुलाला एकट्याने सुरक्षितपणे जाता येईल का ही कसोटी लावली आणि २०२० मध्ये जाळ्याचा सुमारे चतुर्थांश भाग वेगळ्या वर्गात टाकला किंवा वगळला. आपल्याच कामाचे इतके प्रामाणिक परीक्षण करणाऱ्या संस्थेबद्दल मला आदर वाटतो. तुमच्या आखणीतील प्रत्येक किलोमीटरला हीच कसोटी आजच लावून पाहा.

देखभालीचा आराखडा साध्या तक्त्यात मांडता येतो: गवत कापणे, पाने आणि काच झाडणे, मोऱ्या साफ करणे, पुलांची नियतकालिक तपासणी, फलक बदलणे आणि ठरावीक वर्षांनी पृष्ठभागाचे नूतनीकरण. प्रत्येक कामासमोर जबाबदार संस्था, वारंवारिता आणि वार्षिक रक्कम लिहा. स्वयंसेवकांना हलकी कामे द्या. पुलाची तपासणी आणि झाडतोड मात्र पगारी, प्रशिक्षित माणसांकडेच असावी. हा तक्ता स्थानिक संस्थेच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली आला, की तुमचा अर्ज इतरांपेक्षा वेगळा उठून दिसतो.

८. निधीची जुळणी

एकाच स्रोतातून संपूर्ण खर्च निघणे दुर्मीळ आहे. अमेरिकेत १९९१ च्या वाहतूक कायद्याने अशा मार्गांसाठी केंद्रीय निधीचा राखीव हिस्सा प्रथमच ठेवला. तिथे साधारणपणे ८० टक्के रक्कम केंद्राची आणि २० टक्के स्थानिक असते. युरोपीय संघाचे प्रादेशिक विकासाचे निधीही सहहिश्श्याच्या अटीवर मिळतात. स्वहिस्सा रोखीऐवजी जमीन, श्रम किंवा आधी झालेला अभ्यास या रूपात चालतो का, हे नियमांत शोधा आणि लेखी खात्री करून घ्या.

येथे दोन गोष्टींत नवखे गट फसतात. पहिली म्हणजे बरीच अनुदाने प्रतिपूर्तीच्या तत्त्वावर असतात: ठेकेदाराचे बिल आधी तुम्ही भरायचे आणि नंतर पावत्या सादर करून रक्कम परत मिळवायची. त्या मधल्या महिन्यांसाठी रोख रक्कम कुठून येणार, हे प्रमुख संस्थेच्या लेखाधिकाऱ्याला आधीच विचारा. दुसरी म्हणजे मंजुरीपत्राच्या तारखेपूर्वी केलेला खर्च बहुधा अपात्र ठरतो, म्हणून उत्साहाच्या भरात काम सुरू करू नका.

निधीची संधी कधी अचानकही येते. न्यूझीलंडमध्ये २००९ साली जागतिक मंदीच्या काळात रोजगारनिर्मितीच्या चर्चेतून राष्ट्रीय सायकलमार्गाची कल्पना पुढे आली आणि सरकारने त्यासाठी ५ कोटी न्यूझीलंड डॉलर दिले. तेव्हा त्या देशात १५२ किलोमीटरचा ओटॅगो सेंट्रल रेल ट्रेल तयार उदाहरण म्हणून उपलब्ध होता. त्याचा पट्टा सरकारी संवर्धन खात्याने १९९३ मध्ये घेतला होता, बांधणीसाठी स्थानिक न्यासाने निधी उभारला होता आणि २००० पासून तो पूर्ण वापरात होता. अशी संधी येते तेव्हा ज्यांची नोंदवही आणि आराखडे तयार असतात, त्यांनाच मुदतीत अर्ज करता येतो.

९. अर्ज आणि सोबतची कागदपत्रे

अर्ज लिहिण्यापूर्वी मूल्यांकनाचे निकष आणि त्यांचे गुण समोर ठेवा आणि प्रत्येक निकषाला त्याच शब्दांत, त्याच क्रमाने उत्तर द्या. मार्ग टप्प्यांत मागत असाल, तर पहिला टप्पा स्वतंत्रपणे उपयोगी असावा: दोन गावे जोडणारा, दोन्ही टोकांना पोहोचण्याची सोय असलेला. शेतात संपणारा तुकडा मंजूर झाला तरी पुढच्या टप्प्याचा निधी येईपर्यंत तो टीकेचा विषय होतो. सोबत साधारणपणे ही कागदपत्रे लागतात:

- जमिनीची नोंदवही, मालकीचे दस्त आणि संमतीपत्रे
- सहभागी संस्थांचे ठराव आणि परस्पर करार
- व्यवहार्यता अहवाल आणि आखण्यांची तुलना
- पर्यावरणविषयक अहवाल व परवानग्या
- अभियंत्याच्या स्वाक्षरीचे अंदाजपत्रक, जोखमीच्या तरतुदीसह
- स्वहिश्श्याची लेखी हमी
- देखभालीचा तक्ता आणि त्याची अर्थसंकल्पीय तरतूद
- लोकसहभागाच्या बैठकांची इतिवृत्ते, विरोधी मतांसह

विरोधी मते लपवू नका. ती कोणती होती आणि त्यानुसार आखणीत काय बदलले, हे लिहिलेला अर्ज अधिक विश्वासार्ह ठरतो. आमच्या दुसऱ्या अर्जात आम्ही ती सगळी जोडली होती. त्या वेळी पुलाच्या मालकीचा दस्तही सोबत होता.

१०. मंजुरीनंतर

मंजुरीपत्रातील अटी कामाच्या देखरेखीसाठी नेमलेल्या व्यक्तीने पहिल्याच दिवशी वाचाव्यात. निविदेची पद्धत, खर्चाची अंतिम मुदत, फलकावर निधीदात्याचा उल्लेख आणि कागदपत्रे किती वर्षे जपायची, हे सगळे तिथेच लिहिलेले असते. बांधकाम सुरू होण्यापूर्वी शेजारच्या रस्त्यांवर सायकली आणि पादचारी मोजून ठेवा, कारण ही ‘आधीची’ संख्या नंतर कोणत्याही उपायाने मिळत नाही. मार्गावरील गणकयंत्रे बांधकामाच्या वेळीच बसवली तर खोदाई वाचते. अवरक्त किरणांचे साधे यंत्र सायकल आणि पादचारी यांच्यात फरक करत नाही, त्यामुळे जमिनीत बसवलेले, फक्त सायकली मोजणारे तारेच्या वेटोळ्याचे यंत्र सोबत हवे.

शेवटचा हप्ता मिळण्यासाठी पूर्णत्वाचा दाखला, लेखापरीक्षित हिशेब आणि प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे लागतात. हे नकाशे ठेकेदाराकडून अंतिम बिल देण्यापूर्वी घ्या आणि त्यांची एक प्रत देखभाल करणाऱ्या विभागाकडे पोहोच घेऊन द्या.